एल डोराडो (गॉटलिब, १९७५): तळघरातल्या नोंदी

१३ एप्रिल २०२४

मशीन घरी आलं. गॉटलिब कंपनीचं ‘एल डोराडो’, १९७५ चं, एका खेळाडूचं. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या मैदानावर चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ. हे इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे आत एकही चिप नाही. गुण मोजणं, कितवा चेंडू चालू आहे ते लक्षात ठेवणं, फुकटचा डाव द्यायचा की नाही ते ठरवणं, सगळा कारभार रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), कॉइल (विजेने लोखंड खेचणारी तारेची वेटोळी), पत्तीचे स्विच आणि एका मोटरवर.

शिकागोजवळच्या जॉलिएटकडच्या एका आजोबांनी विकलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या होत्या. “दिवे लागतात, पुढे काही होत नाही,” एवढीच माहिती. आठशे डॉलर सांगितले, सहाशेला सुटलं. कॉइन डोअरची, म्हणजे नाणी टाकायच्या दाराची, किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. शेवटी ड्रिल लावून कुलूप फोडलं, तर किल्ली आतल्या हुकाला लटकलेली. जुन्या मशीनांत हे नेहमीचंच आहे म्हणतात.

गुण दाखवणारं वरचं डोकं वेगळं करून आणलं: बोल्ट काढायचे, आतले जोन्स प्लग (अनेक तारा एकदम जोडणारे) सोडवायचे, बस. प्रत्येक प्लगवर आणि त्याच्या जोडीदारावर टेपचे तुकडे लावून आकडे लिहिले. उरलेलं धड दोघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं. बायको दारात उभी राहून “भिंत, भिंत” म्हणत होती.

१४ एप्रिल

नुसती पाहणी. प्लग भिंतीला लावलेला नाही, लावायचाही नाही.

हेच मॉडेल का, तर त्याच्या रचनेसाठी. वरच्या अंगाला दहा ड्रॉप टार्गेटची (चेंडू लागला की खाली पडणाऱ्या पट्ट्यांची) सलग ओळ, डावीकडे आणखी पाच, आणि फ्लिपर, म्हणजे बटणाने हलणारी पाती, चार. खालच्या जोडीने चेंडू वाचवायचा, वरच्या जोडीने टार्गेट टिपायची. आराखडा एड क्रिन्स्की यांचा, चित्रं गॉर्डन मॉरिसन यांची. सत्तरच्या दशकातल्या गॉटलिबच्या मशीनवर ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. याच नकाशावर कंपनीने चार खेळाडूंचं ‘टार्गेट अल्फा’ही काढलं.

खेळाचं मैदान उचलून दांडीवर टेकवलं. खाली तारांचं जंगल, पण नीट बांधलेलं. सुती वेष्टणाच्या तारा, प्रत्येकीला रंगाचा वेगळा पट्टा. उंदरांचा वावर नाही, ही सर्वांत चांगली बातमी. तळाशी दोन सेंट, तुटके रबर, एक केसांची पिन आणि १९७८ चं डाइम सापडलं.

२० एप्रिल

वीज देण्याआधीची कामं. कोणीतरी कॉर्डच्या अर्थची पिन पक्कडीने छाटून टाकली होती, म्हणजे दोन भोकांच्या जुन्या सॉकेटमध्ये ती बसावी. धातूच्या कडा, धातूचे पाय, धातूचं दार, आणि अर्थ नाही. नवी तीन पिनांची कॉर्ड घातली, अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला आणि दाराला जोडली.

फ्यूजची कथा त्याहून वाईट. एका जागी लेबलवर लिहिलंय त्याच्या दुप्पट अँपिअरचा, दुसऱ्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेला. दोन्ही काढून लेबलप्रमाणे बसवले. असा फ्यूज दिसला की समजायचं, कुठेतरी एखादी कॉइल चिकटून राहत होती आणि मूळ दुखणं शोधायचा कंटाळा केला गेला. म्हणून सगळ्या कॉइल मल्टिमीटरने तपासल्या. नॉकरची (फुकटचा डाव लागला की लाकडावर ठोका देणाऱ्याची) कॉइल करपलेली निघाली, वेष्टणाचा कागद काळा. नवी मागवली.

२७ एप्रिल

आज वीज दिली. दिवे लागले. विकणारे आजोबा खरं बोलत होते. स्टार्टचं बटण दाबलं, स्कोअर मोटर फिरायला लागली आणि थांबेच ना. स्विच बंद केला.

मोटर फिरते ही खूण चांगली आहे. बटण, क्रेडिट युनिट (शिल्लक डाव मोजणारं), सुरुवातीचे रिले इथपर्यंत वाट मोकळी. अडकलंय ते त्याच्या पुढे.

४ मे

सर्किटचा नकाशा पोस्टाने आला. उलगडला तर डायनिंग टेबल पुरेना. घडीत पानं फाटू नयेत म्हणून रोल करूनच ठेवणार.

मोटर का थांबत नाही, ते आता कागदावर दिसतंय. नवा डाव सुरू करताना आधीचे गुण पुसायचे असतात. त्यासाठी मोटर प्रत्येक गुणचाकाला ठोके देत राहते आणि चाक एकेक घर पुढे सरकतं. प्रत्येक चाकाच्या मागे एक स्विच आहे, तो फक्त शून्यावर उघडतो. उघडला की त्या चाकाचे ठोके बंद. सगळी चाकं शून्यावर आली की रिसेटचा रिले सुटतो आणि मोटर थांबते. त्यातलं एक जरी चाक शून्यावर पोचलं नाही, किंवा पोचूनही त्याचा स्विच उघडला नाही, तरी मोटर बिचारी फिरतच राहणार.

म्हणजे संशयित सगळे वरच्या डोक्यात, काचेच्या मागे.

१८ मे

बाबा आले. ओहेअरवरून घरी येईपर्यंत गप्पा गुडघ्यांच्या आणि विमानातल्या जेवणाच्या. चहा झाल्यावर सहज खाली आले, मैदान उचललेलं होतं, आणि बाबा उभ्याउभ्या पुटपुटले, “हे तर आमचंच आहे की रे.”

बाबा मुंबईत टेलिफोन खात्यात होते. १९८६ मध्ये त्याचं एमटीएनएल झालं. त्यांची निम्मी नोकरी स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे डायल फिरवून आकडा लावला की तारेवरून तेवढे ठोके येत. सिलेक्टरचा दांडा तेवढ्या पायऱ्या वर चढे, मग आडवा फिरे, आणि त्याचे वायपर, म्हणजे टोकाच्या फिरत्या पट्ट्या, शंभरातल्या नेमक्या एका जागेवर जाऊन टेकत. दहा ओळी, ओळीत दहा जागा. असे शेकडो सिलेक्टर एका हॉलमध्ये सकाळच्या गर्दीच्या वेळी एकदम चालू झाले की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

इथलं स्टेपर युनिट (ठोक्यागणिक एक घर सरकणारं) त्यांनी बोटाने एक घर पुढे ढकललं, कान दिला, परत सोडलं. “युनिसिलेक्टर. नुसता गोल फिरणारा. वर चढायची अक्कल नाही ह्याला.” मग चष्मा आणायला वर गेले.

झोपा जरा, जेट लॅग आहे, असं त्यांना सूनबाईने सांगून पाहिलं.

१९ मे

गुणचाकं. बाबांनी पहिलाच नियम घालून दिला: जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. मी सगळी चाकं उतरवून ओळीने साफ करायच्या विचारात होतो. ते म्हणाले, “आधी कोण रडतंय ते बघ. सगळ्या वर्गाला कशाला मारतोस?”

मग एकेका चाकाची कॉइल हाताने दाबून पाहिली. चार-पाच वेळा दाबल्यावर कळलंच. हजाराचं चाक पुढे जातं, पण खाचेत पूर्ण बसत नाही, केसभर अलीकडे राहतं. डोळ्यांना शून्य दिसतं, स्विचला दिसत नाही.

चाक बाहेर काढलं. अडकवणाऱ्या खिट्टीच्या टेकूवर जुनं ग्रीस वाळून काकवीच्या डब्याच्या तळासारखं झालेलं. नॅफ्थाने धुतलं, पुसलं, कोरडंच बसवलं. कॉइलच्या आतली नायलॉनची नळी नवी घातली, तिच्यात तेल अजिबात नाही. तेल धूळ ओढतं आणि आठ-दहा वर्षांत परत हाच तमाशा. चाकावरच्या आकड्यांना मात्र अल्कोहोल लागू द्यायचं नाही, शाई निघून येते.

स्टार्ट. मोटर फिरली, चाकं खडखडत शून्यावर आली, मोटर थांबली. वर डोक्यात पहिल्या चेंडूचा दिवा लागला आणि खाली चेंडू खटकन प्लंजरपुढे, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्यापुढे, येऊन उभा राहिला.

बाबांनी लगेच घरी फोन लावला. तिकडे पहाट होती.

२६ मे

उद्या मेमोरियल डेची सुट्टी, त्यामुळे सवडीने स्टेपर युनिटं. चेंडू मोजणारं आणि क्रेडिटचं, दोन्ही आळशी होती. बेकलाइटच्या तबकडीवर तांब्याच्या रिव्हेटा, त्यांच्यावरून वायपर फिरतात. रिव्हेटा काळ्या पडलेल्या. घासून चमकवल्या, अल्कोहोलने पुसल्या, आणि स्पर्शाच्या जागी योग्य वंगणाचा अगदी पुसट हात.

इथे आमचं थोडं वाजलं. मी स्विच साफ करायला बारीक कानस घेतली होती, बाबांनी ती हातातून काढून घेतली. “चांदीला कानस नाही लावायची.” रिलेचे आणि गुणांचे स्विच चांदीच्या टिकल्यांचे असतात. त्यांवरून गुळगुळीत पोलादी पट्टी, बर्निशर, दोनदा ओढली की काम होतं. काही नसेल तर व्हिजिटिंग कार्डाची कोरी पट्टी. कानस लागते ती टंगस्टनच्या टिकल्यांना, फ्लिपरच्या स्विचसारख्या, जिथून जोराचा प्रवाह जातो आणि ठिणगी पडून खड्डे होतात. टंगस्टन इतकं कडक की बर्निशरला दाद देत नाही.

दुसरा नियम: पत्ती वाकवण्याआधी स्टॅकचे स्क्रू आवळायचे. मधली बेकलाइटची थरं इतक्या वर्षांत आकसतात, सगळा गठ्ठा सैल होतो, आणि माणूस उगाच पत्त्या वाकवत बसतो. हे आज तीन-चार ठिकाणी तंतोतंत खरं ठरलं. स्क्रू आवळताच गॅप आपोआप जागेवर आली.

८ जून

फ्लिपर. चारही दुबळे, आणि डावा खालचा वर गेला की गुरगुरतो.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जोराचं आणि एक नुसतं धरून ठेवणारं. बटण दाबलं की जोराचं वेटोळं फ्लिपर उचलतं. वर पोचता पोचता फ्लिपर स्वतःच एक स्विच उघडतो आणि पुढचा प्रवाह दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यातून जायला लागतो. म्हणून बटण कितीही वेळ दाबून धरा, कॉइल जळत नाही. हा स्विच उघडला नाही तर धूर, आणि मळला तर जोराच्या वेटोळ्याला पूर्ण प्रवाहच मिळत नाही. आमच्याकडे चारही मळलेले. इथे कानस चालवायला परवानगी मिळाली.

लिंक झिजलेल्या होत्या, त्या नव्या. गुरगुर मात्र स्विचची नव्हती. कॉइल स्टॉपचा स्क्रू सैल आणि वीज ६० सायकलची एसी, त्यामुळे लोखंड तिच्यासोबत थरथरत होतं. स्क्रू आवळला, आवाज गेला. हे सांगलीला नेलं तर काय होईल, यावर बाबांनी बराच वेळ विचार केला. २३० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येईल, पण ५० सायकलवर मोटर सावकाश फिरणार, म्हणजे गुणही रेंगाळत पडणार. “आपल्याकडच्या माणसांना चालेल,” म्हणाले.

१५ जून

ऑफिसच्या रिलीजमुळे आठवडाभर खाली उतरलोच नाही. बाबा उतरत होते. मैदानाखालचे दिवे त्यांनी करून टाकले: सॉकेट घासले, सैल स्टेपल ठोकल्या. ४४ नंबरचे बल्ब काढून ४७ घातले. दोन्ही ६.३ व्होल्टचे, पण ४४ पाव अँपिअर ओढतो आणि ४७ दीड दशांश. उजेडात फरक थोडा, उष्णतेत बराच. काचेवरचा रंग मागून लावलेला असतो, बल्बच्या धगीने त्याच्या पापड्या सुटतात. आमच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात तशा सुटल्याच आहेत. त्या बाजूला कापडसुद्धा लावायचं नाही.

एलईडीचा विषय मी काढला होता. एसीवर साधे एलईडी लुकलुकतात, आणि उजेडही दवाखान्यासारखा. नकोच.

२९ जून

ड्रॉप टार्गेट. ज्याच्यासाठी मशीन घेतलं तेच शेवटपर्यंत टाळत आलो होतो.

प्रत्येक टार्गेट म्हणजे प्लॅस्टिकची उभी पट्टी. तिच्या पाठीमागे एक छोटी पायरी, ती चौकटीच्या कडेवर टेकलेली असते म्हणून पट्टी उभी राहते. चेंडू आदळला की पट्टी किंचित मागे सरकते, पायरी कडेवरून घसरते आणि स्प्रिंग तिला खाली खेचते. खाली जाताना ती आपला स्विच दाबते. परत उभं करायला खालून एक दांडी सगळ्यांना एकदम वर ढकलते, आणि त्या वेळी जो धडाका होतो त्याने तळघराची काच वाजते.

तक्रारी दोन. एक, सहावं टार्गेट वर जातं आणि चेंडू लागायच्या आतच पडतं. त्याची पायरी झिजून गोल झाली होती. नवं टार्गेट विकत मिळतं, घातलं. जुनं मुलाने खिशात टाकलं.

दुसरी चिवट. दहाच्या दहा टार्गेट पाडली तरी मशीनला ते कळतच नव्हतं. नकाशात पाहिलं तर दहाही स्विच एकामागोमाग एक, एकाच साखळीत. वीज पहिल्यातून शिरून दहाव्यातून बाहेर पडली तरच पुढचा रिले ओढला जाणार. मी म्हटलं, दहाही साफ करून टाकू. बाबांनी मान हलवली. त्यांनी दोन्ही टोकांना क्लिप असलेली तार घेतली. एक क्लिप साखळीच्या तोंडाशी पक्की, दुसरी पाचव्याच्या शेवटी टेकवली. काही नाही. म्हणजे पहिल्या पाचांना वगळलं तरी दुखणं शिल्लक, खोडी पुढच्या अर्ध्यात. मग आठव्यापर्यंत. रिले ओढला गेला. सातव्यापर्यंत. नाही. म्हणजे आठवा. आठव्याच्या पत्त्या साफ होत्या, एकमेकींना टेकतही होत्या, पण तारेचा सोल्डरिंगचा टाका मोडलेला. नुसती चिकटून होती, ओढल्यावर हातात आली. साफसफाई करत बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती आणि दुखणं तिथेच राहिलं असतं.

टाका बाबांनीच घातला. हात थोडा कापतो आता, पण सोल्डरिंग आयर्न टेकवलं की थांबतो.

६ जुलै

आज काम नाही, भटकंती. मशीनच्या आतल्या लेबलवर पत्ता आहे: १६५ वेस्ट लेक स्ट्रीट, नॉर्थलेक, इलिनॉय. गॉटलिबचा कारखाना त्याआधी शिकागोत नॉर्थ कॉस्टनर अॅव्हेन्यूवर होता. १९३१ चं ‘बॅफल बॉल’ आणि फ्लिपर असलेलं पहिलं मशीन, १९४७ चं ‘हम्प्टी डम्प्टी’, याच कंपनीचं. नॉर्थलेक आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत. गाडीतूनच पाहिलं. आज तिथे पिनबॉलची काही खूण नाही.

बाबांना मात्र दुसरंच बघायचं होतं. स्ट्रोजरची यंत्रणा बनवणारी ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक ही शिकागोची कंपनी १९५७ मध्ये कारखाना घेऊन आली ती याच नॉर्थलेकमध्ये. म्हणजे सत्तरच्या दशकात या एका गावात एकीकडे टेलिफोनचे सिलेक्टर बनत होते आणि दुसरीकडे पिनबॉलची स्टेपर युनिटं. जगातलं पहिलं स्ट्रोजर एक्स्चेंज १८९२ मध्ये सुरू झालं ते ला पोर्टला, शेजारच्या इंडियानात. ऑलमन स्ट्रोजर हा मुळात अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस. एक्स्चेंजवरची बाई त्याचे फोन त्याच्या प्रतिस्पर्ध्याला जोडून देते या संशयातून त्याने मधली बाईच काढून टाकली, अशी कथा बाबांना ट्रेनिंगमध्ये सांगितली होती. ला पोर्टलाही जाऊ म्हणतात. बघू.

आणखी एक गंमत. हे मशीन बनलं तेव्हा शिकागो शहरात पिनबॉलला बंदी होती. पिनबॉलची राजधानी इथे, पण शहराच्या हद्दीत ते लावायचं नाही, कारण तो जुगार. न्यूयॉर्कमध्ये तर १९४२ पासून. महापौर ला गार्डिया यांनी मशीनवर हातोडा चालवतानाचे फोटो काढून घेतले होते. १९७६ मध्ये रॉजर शार्प या पत्रकाराने तिथल्या नगर परिषदेच्या लोकांसमोर चेंडू वरच्या कोणत्या वाटेने उतरणार ते आधी सांगितलं, प्लंजर ओढला, आणि चेंडू त्याच वाटेने उतरला. नशिबापेक्षा कौशल्याचा भाग मोठा हे पटलं आणि बंदी उठली. त्याच्या पुढच्याच वर्षी गॉटलिबचं ‘क्लिओपात्रा’ आलं, आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेलं त्यांचं पहिलं. आमच्या मशीनच्या जातीचे मोजकेच दिवस उरले होते.

१३ जुलै

मैदानाची सफाई. सगळी रबरं, खांब, प्लॅस्टिकं काढली. काढण्याआधी फोनवर फोटो. पन्नास वर्षांची काळी धूळ कॉइलांची आहे, ती लाकडाच्या रेषांत शिरलेली. पॉलिशने जेवढी निघाली तेवढी काढली, वर कार्नोबा मेणाचे दोन हात.

वरच्या फ्लिपरांच्या पुढे रंग उडून लाकूड दिसतंय, तळहाताएवढं. रंगवून देणारे लोक आहेत, कामही सुंदर करतात. मी ते करून घेणार नाही. झीज नेमकी तिथे आहे जिथून लोक टार्गेटवर नेम धरत होते. ती झाकली की मशीन दुकानातून आणल्यासारखं दिसेल, आणि तसं ते नाही. उघड्या लाकडात मळ शिरू नये म्हणून पारदर्शक थर दिला, एवढंच. बायकोचं मत वेगळं आहे. तिच्या मते हा आळस आहे आणि मी त्याला तत्त्वज्ञान म्हणतोय.

रबरं पांढरीच घातली. काळी जास्त टिकतात, पण दिसायला टायर.

२० जुलै

चाइम. तीन धातूच्या पट्ट्या, दहा, शंभर आणि हजारच्या. त्या ‘टण’ वाजायच्या ऐवजी ‘ठक’ वाजत होत्या. पट्ट्या ज्या रबरी कड्यांवर लटकतात ती कडक होऊन चुरा झाली होती, त्यामुळे पट्टी थेट लोखंडावर बसली होती. नवी कडी पाच डॉलरला पाकीट. आता पाचशेचे गुण पडले की मोटर एका दमात शंभराचे पाच ठोके देते आणि मधली पट्टी पाच वेळा वाजते. जेवणाच्या टेबलावरूनही कळतं, खाली खेळणाऱ्याला काय मिळालं.

२७ जुलै

चालू डावात नवं दुखणं, तेही कधीमधी. नऊ हजार नऊशेवरून पुढे जाताना दहा हजाराचं चाक काही वेळा हलतच नाही. हजाराचं शून्य होतं, आणि खेळाडूला दहा हजारांचा चुना.

हातचा देण्याची सोय सोपी आहे. प्रत्येक चाकाला शून्याच्या स्विचशिवाय आणखी एक स्विच, तो फक्त नऊवर मिटतो. चाक नऊवर असताना ठोका आला की तोच ठोका शेजारच्या चाकालाही जातो. म्हणून संशय थेट हजाराच्या चाकाच्या नऊच्या स्विचवर. साफ केला, गॅप पाहिली. तरी दहातून एकदा चूक.

दुपार याच्यातच गेली. शेवटी बाबा म्हणाले, दिवा बंद कर. तळघरात अंधार करून मी हाताने शंभराचा रिले ओढत राहिलो आणि ते चाकाच्या मागे डोळा लावून बसले. नऊचा स्विच मिटलेला असताना ठोका आला की बारीक निळी ठिणगी दिसायची, आणि ज्या वेळी चूक व्हायची त्या वेळी ठिणगीच नाही. म्हणजे ठोका स्विचपर्यंत पोचतच नव्हता. मग मागे मागे जात जोन्स प्लगपाशी आलो. एका पिनेवर हिरवट थर, आणि प्लग थोडा तिरका बसलेला. डोक्यातल्या चाकाचा झटका बसला की क्षणभर संपर्क तुटत होता. सगळ्या पिना पॉलिश करून चकचकीत केल्या. त्यानंतर मुलाने तासभर खेळून पाहिलं, हिशेब बरोबर.

चालू मशीनमध्ये बोट घालताना अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या १२० व्होल्टच्या बाजूला जायचंच नाही. अंधारात तर नाहीच नाही.

१० ऑगस्ट

काच बसवली. पाय फिरवून उतार साडेतीन अंशांच्या आसपास आणला. नवीन मशीनइतका तिरकस ठेवला तर चेंडू धावत खाली येतो, आणि हे मशीन त्या वेगासाठी बांधलेलं नाही. चेंडू नवा, २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा. जुन्यावर खड्डे पडले होते आणि तेच मैदान खरवडत होते.

संध्याकाळी मंडळातली चार घरं जेवायला. पिठलं-भाकरी बाजूला राहिली, रांग तळघरात. नवी नॉकरची कॉइल पहिल्यांदाच कामाला आली. कोणाला तरी फुकटचा डाव लागला, लाकडावर असा दणका बसला की वरून बायको ओरडली, “काय फुटलं?”

बाबा खेळत नव्हते. डोक्याचं मागचं दार उघडून रिले बघत होते आणि जमलेल्या पोरांना सांगत होते, कोणता चेंडू चालू आहे ते हा वायपर कुठे उभा आहे यावरून कळतं. एका मुलीने विचारलं, वीज गेली तर मशीन विसरतं का? बाबांनी भिंतीवरचा प्लग काढला, परत लावला, आणि आकडे दाखवले. होते तिथेच.

२४ ऑगस्ट

टिल्ट, म्हणजे मशीन हलवलं की डाव बाद करणारी सोय. पोरांनी मशीन हलवून हलवून चेंडू वाचवायचं तंत्र शोधलं होतं. लोंबता गोळा त्याच्या कड्याला टेकत नव्हता, थोडा खाली सरकवून घट्ट केला. मग मुलाने पुढचे दोन पाय अलगद उचलून उतारच काढून टाकला, आजोबांच्या चपला खाली सारून. त्यासाठी कॅबिनेटच्या डाव्या भिंतीला वेगळी सोय आहे: तिरक्या रुळावर एक गोळी. पुढून मशीन उचललं की ती मागे घरंगळत जाते आणि संपर्क मिटतो, डाव बाद. आमची गोळी हरवलेली होती. नवी टाकली. चपला परत मिळाल्या.

फुकट डावाची पातळी डोक्यातल्या प्लगांनी वाढवली, आणि पाचाऐवजी तीन चेंडूंचा डाव लावला. मुलगा याला अन्याय म्हणतो. बाबांनी त्याची बाजू घेतली आहे.

राहिलेलं: मॅच युनिटची (डावाच्या शेवटी आकडा जुळला तर फुकटचा डाव देणाऱ्याची) एक रिव्हेट अजून सुस्त आहे, सातचा आकडा जुळला तरी फुकटचा डाव मिळत नाही. काचेच्या पापड्या सुटलेल्या कोपऱ्याला मागून पारदर्शक थर द्यायचा. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की स्टॅकचे स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे.